घरून संकेतस्थळ चालवण्यासाठी स्वस्त इंटरनेट: परळमध्ये घेतलेल्या तीन जोडण्या

परळमधल्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या कप्प्यात एक लहानसा जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. आमच्या भजनी मंडळाने स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या पारंपरिक आरत्या आणि त्यांचे शब्द ज्या संकेतस्थळावर आहेत, ते याच संगणकावरून चालते. वर्षातला बराच काळ तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. मात्र गणेश चतुर्थीच्या सकाळी घरोघरी प्रतिष्ठापनेची वेळ झाली की भटजी न मिळालेली सगळी मंडळी एकदमच येऊन थडकतात. २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला ही गर्दी मी दोनदा सोसली. त्या निमित्ताने इंटरनेटच्या तीन जोडण्या घेतल्या, चौथीचे कोटेशन मागवले आणि शेवटी दोन ठेवल्या.

डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. अडचण बिलाची होती. अमेझॉनच्या मुंबई केंद्रातून बाहेर जाणाऱ्या डेटाला दरमहा पहिल्या १०० जीबीनंतर जीबीमागे सुमारे ११ अमेरिकी सेंट पडतात, म्हणजे महिन्यात एक टीबी ध्वनिफिती लोकांनी ऐकल्या तर शंभर डॉलरच्या आसपास रक्कम केवळ वाहतुकीची होते आणि सर्व्हरचे भाडे त्यावर वेगळे लागते. जाहिराती न घेणाऱ्या, वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला हे झेपणारे नाही. याउलट घरगुती फायबरच्या जिओफायबरसारख्या योजनेत ‘अमर्याद’ या शब्दामागे महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि तीत येणारा व जाणारा असा दोन्ही डेटा धरला जातो. तीन मिनिटांची आरती १२८ केबीपीएस दराने साठवली तर तिची फाइल २.९ एमबीच्या आसपास होते. त्या हिशेबाने ३३०० जीबीमध्ये सुमारे अकरा लाख आरत्या जातात. भाद्रपदातसुद्धा आम्ही त्या आकड्याच्या जवळ गेलो नाही.

खरी चणचण महिन्याच्या कोट्याची नसून त्या एका सकाळच्या अपलोडची असते. जाहिरातीत ठळक छापलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो आणि संकेतस्थळ चालवणाऱ्याची गरज नेमकी उलटी असते. पाहुण्याचे डाउनलोड म्हणजे आपले अपलोड. १०० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजेच सेकंदाला जेमतेम चार आरत्या पूर्ण पोहोचवता येतात. सगळ्यांनी ऐकण्याच्याच गतीने फाइल घेतली तर सातशे-साडेसातशे श्रोते एका वेळी सामावतील, परंतु ब्राउझर इतका समजूतदार नसतो. तो सुरुवातीलाच पुढचा मोठा भाग ओढून घेतो, आणि पाहुणा दुसऱ्याच कडव्यानंतर पान बंद करून गेला तरी आपले अपलोड खर्ची पडलेले असते. पहिल्या वर्षीच्या अनुभवानंतर मी सर्व ध्वनिमुद्रणे ओपस या आवाज कमी जागेत साठवणाऱ्या प्रकारात ६४ केबीपीएसवर आणली. टाळ-मृदंग आणि समूहस्वर यांत माझ्या कानाला फरक जाणवला नाही, आमच्या पेटीवाल्या काकांना किंचित जाणवला, आणि जोडणीवर एक रुपयाही न वाढवता तिची क्षमता दुप्पट झाली. जास्त वेगाची योजना घेण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली जोडणी मी एका मोठ्या कंपनीची घरगुती फायबर योजना म्हणून घेतली. या वर्गाबद्दल चांगले सांगण्यासारखे बरेच आहे. जिओफायबरने २०२० साली ३० एमबीपीएसची योजना ३९९ रुपयांना आणि १०० एमबीपीएसची ६९९ रुपयांना आणली, तेव्हा अपलोड व डाउनलोड समान राहील असे जाहीर केले होते. त्याआधी घरगुती ग्राहकाच्या अपलोडची अशी उघड दखल क्वचितच घेतली जात असे. दरांत १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, त्यामुळे ६९९ चे प्रत्यक्षात ८२५ रुपये होतात, हे मात्र तुलना करताना विसरू नये.

अशा फायबरची रचना समजून घेतली तर ती आपल्या कामाला का चालते, हे कळते. बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एकाच काचेच्या तंतूवर ३२ किंवा ६४ घरे विभागलेली असतात आणि त्या सर्वांत मिळून डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस व अपलोडसाठी सुमारे १.२५ जीबीपीएस उपलब्ध असते. बत्तीसही घरांनी एकाच वेळी अपलोड करायचे ठरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएससुद्धा येणार नाहीत. सुदैवाने शेजारी तसे करत नाहीत. रात्री नऊ ते अकरा या वेळेत सगळी इमारत मालिका आणि क्रिकेट पाहत असते, म्हणजे डाउनलोडची बाजू तुंबते आणि अपलोडची बाजू जवळजवळ मोकळी राहते. मी दर पाच मिनिटांनी केलेल्या नोंदींत हेच दिसले: संध्याकाळी डाउनलोड लक्षणीय घसरे, अपलोड मात्र क्वचितच हले.

तरीही ही जोडणी एकटी पुरली नाही, कारण तिच्यावर स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरच्या संगणकांना आपल्यापर्यंत येण्यासाठी लागणारा इंटरनेटवरचा क्रमांक, नव्हता. जगातील आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशिया-पॅसिफिक विभागाकडे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेवटचा राखीव गट तेवढा उरला. भारतात घरगुती ब्रॉडबँडचा खरा प्रसार त्यानंतर झाला, त्यामुळे येथील कंपन्या एका पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या चाळीला रस्त्यावर एकच पत्रपेटी असावी आणि पत्रावर खोली क्रमांक लिहिण्याची सोयच नसावी, तसा हा प्रकार आहे. आतून पाठवलेले पत्र जाते, त्याचे उत्तरही येते, पण बाहेरचा माणूस आपण होऊन आपल्या दारापर्यंत पोहोचू शकत नाही. आपण सीजीनॅटमागे आहोत की नाही, हे राउटरच्या पानावर पाहता येते: बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवणे) कितीही नीट केले तरी उपयोग होणार नाही. विक्रीसाठी आलेल्या तरुणाला मी हे आधी विचारले होते आणि त्याने ‘सगळे चालते, साहेब’ असे उत्तर दिले होते. त्याच्या दृष्टीने ‘सगळे’ म्हणजे यूट्यूब होते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या, जवळजवळ न संपणाऱ्या पद्धतीने हा प्रश्न अर्धा सुटतो. भारतातले निम्म्याहून पुष्कळ अधिक वापरकर्ते आज आयपीव्ही६वर आहेत आणि मोबाइलवरून येणाऱ्या पाहुण्यांना ती वाट सहज मिळते. परंतु कार्यालयांतून आणि जुन्या केबल जोडण्यांवरून येणारे बरेच जण अजून आयपीव्ही४वरच आहेत, काही कंपन्यांच्या राउटरमध्ये आत येणारी आयपीव्ही६ वाहतूक मुळातच अडवलेली असते, आणि राउटर बंद-चालू केला की पत्त्याचा पहिला भाग बदलण्याची शक्यता असते. केवळ त्याच्यावर विसंबून गर्दीचे संकेतस्थळ चालवू नये.

सीजीनॅटवर उतारा म्हणून दोन मार्ग मी वापरले. क्लाउडफ्लेअर या कंपनीची टनेल सेवा २०२१ पासून मोफत आहे. घरचा संगणक आतून बाहेर जोडणी उघडून ठेवतो आणि पाहुणे त्या वाटेने येतात, त्यामुळे सार्वजनिक पत्त्याची गरजच उरत नाही. शब्दांची पाने आणि लहान चित्रे यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे आणि बरीचशी पाने त्यांच्याच साठ्यातून दिली गेल्यामुळे आपले अपलोड वाचते. मात्र त्यांच्या अटींनुसार व्हिडिओ किंवा पानांच्या तुलनेत अवाजवी प्रमाणात चित्रे, ध्वनिफिती व मोठ्या फाइली या मार्गाने वाटणे अपेक्षित नाही. आमच्याकडे मुख्य माल ध्वनीचाच असल्यामुळे मी पाने तिकडून आणि ध्वनी संकेतस्थळाच्या वेगळ्या उपपत्त्यावरून (सबडोमेनवरून) अशी विभागणी केली. दुसरा मार्ग म्हणजे बाहेर एक लहान व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेऊन तेथून घरापर्यंत वायरगार्ड या प्रणालीचा सुरक्षित बोगदा टाकणे. तो उत्तम चालतो, पण सगळी वाहतूक त्या व्हीपीएसमधून जाते आणि तेथील मासिक डेटा मर्यादा पुन्हा आपल्या मानेवर बसते, म्हणून तो मी फक्त अडीअडचणीसाठी ठेवला आहे.

दुसरी जोडणी पाच-जीवर चालणाऱ्या बिनतारी इंटरनेटची होती. २०२३ साली एअरटेल आणि जिओ या दोघांनी मुंबईत ही सेवा आणली आणि जेथे केबल ओढता येत नाही तेथे ती खरोखर उपयोगी आहे. आमच्या मावशींकडे ती दोन वर्षे सुखाने चालू आहे. सर्व्हरसाठी ती मला पटली नाही. या सेवेच्या लहरींच्या पट्ट्यात पाठवणे आणि घेणे एकाच लहरीवर पाळीपाळीने होते आणि त्या पाळ्यांतला मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो, त्यामुळे अपलोड मुळातच आखडते. शिवाय सार्वजनिक पत्ता नसतो आणि गणपतीत लालबाग-परळच्या रस्त्यांवर लाखो फोन जमले की त्याच मनोऱ्यावरचा आपला वाटा आणखी घटतो. दोन महिन्यांनी ती बंद केली.

तिसरी जोडणी गल्लीतल्या केबलवाल्याची. या वर्गाकडे सुशिक्षित लोक नाक मुरडतात आणि मीही मुरडत होतो. अशा केबलवाल्याकडे स्वतःचा परवाना असतो किंवा तो एखाद्या परवानाधारक कंपनीचा स्थानिक भागीदार म्हणून काम करतो. त्याचे कार्यालय म्हणजे बहुधा वडापावच्या गाडीमागचा आठ बाय दहाचा गाळा. परंतु मला हवी असलेली गोष्ट फक्त त्याच्याकडेच मिळाली. १०० एमबीपीएस, दोन्ही दिशांना सारखे, आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास थोड्या जास्त रकमेत कायमस्वरूपी आयपी पत्ता. मी विचारलेले प्रश्न त्याला कळले, जे कळले नाहीत ते त्याने वरच्या कंपनीच्या अभियंत्याला फोन लावून माझ्यासमोर विचारले, आणि हे सगळे चहा येईपर्यंत झाले. संकेतस्थळाची ये-जा ज्यांतून होते ती ८० आणि ४४३ क्रमांकाची दोन्ही पोर्टे (दारे) मोकळी आहेत का, पत्ता वीज गेल्यावर बदलतो का, घरगुती योजनेवर सर्व्हर चालवण्यास अटींमध्ये मनाई आहे का, एवढे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावे. अनेक कंपन्यांच्या घरगुती अटींत अशी मनाई असते. ती असल्यास लहान व्यवसायाची योजना घेणे हा सरळ मार्ग आहे. घरून ई-मेल सर्व्हर चालवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बहुतेक ठिकाणी बंद असते, आणि आपल्या पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद करून मिळाली नाही तर आपली पत्रे सरळ स्पॅममध्ये जातात.

या जोडणीतला दोष वेगळाच निघाला. केबलवाल्याची तार आमच्या इमारतीच्या गच्चीवर समोरच्या इमारतीवरून, रस्ता ओलांडून येत होती. पहिल्या वर्षी चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीची आगमन मिरवणूक आमच्याच रस्त्याने निघाली. मुकुटाला तारा लागू नयेत म्हणून ट्रॉलीच्या पुढे मुले लांब बांबू घेऊन चालतात, बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधलेली असते, आणि त्या काठीवर तारांचा झुबका उचलून मूर्ती खालून काढतात. मी खिडकीतून पाहत होतो. आमची काळी बारीक तार इतर दहा-बारा तारांबरोबर वर गेली, मूर्ती पुढे सरकली, काठी खाली आली आणि मागे वळून पाहतो तो राउटरवरचा हिरवा दिवा लाल झालेला. तार तुटली नव्हती. गच्चीच्या कठड्यावर ती काटकोनात वाकून आतला तंतू मोडला होता. तंत्रज्ञ रात्री अकरा वाजता आला, कारण त्याआधी गर्दीतून दुचाकी आणणे शक्यच नव्हते. त्याने गच्चीवर मोबाइलच्या उजेडात तंतू सोलला, कापला, जोडणी यंत्रात घालून वितळवून जोडला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत संकेतस्थळ सुरू झाले. मोठ्या कंपनीच्या जोडणीतला बिघाड त्याच महिन्यात तक्रार क्रमांक, पुन्हा तक्रार क्रमांक आणि ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ असा संदेश या क्रमाने तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला होता. महिन्यात तीन तास छत्तीस मिनिटे बंद राहणे म्हणजे साडेनव्व्याण्णव टक्के उपलब्धता. त्या हिशेबात केबलवाला काठावर पास झाला आणि मोठी कंपनी सपशेल नापास.

विजेचा मुद्दा याच ओघात येतो. घरच्या राउटरला आणि संगणकाला यूपीएस लावला म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. जीपॉनच्या वाटेत मधला विभाजक विजेवर चालत नाही, त्यामुळे आपल्या इमारतीतली वीज गेली तरी जोडणी टिकू शकते. केबलवाल्याचा प्रकार निराळा होता: त्याचा तंतू गच्चीवरच्या पेटीत संपत होता, तेथे विजेवर चालणारा एक लहान स्विच होता आणि तेथून साधी निळी केबल जिन्याच्या बाजूने खाली येत होती. इमारतीच्या मीटर खोलीतला फ्यूज उडाला की माझा यूपीएस घरात दिमाखात चालू आणि गच्चीवरचा स्विच मेलेला. शेवटी वर्षाच्या नूतनीकरणाच्या वेळी थेट घरापर्यंत तंतू आणून द्यावा, अशी अट मी घातली आणि ती मान्य झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तसा दिवस पुन्हा आला तर मात्र यातले काहीच उपयोगी पडणार नाही, हेही मान्य आहे.

चौथा पर्याय लीज्ड लाइनचा. दिलेला वेग कोणाशीही न वाटता पूर्ण मिळतो, पत्ते मिळतात, दुरुस्तीच्या मुदतीची लेखी हमी मिळते. कोटेशन घरगुती दराच्या अनेक पट आले. ज्याच्या संकेतस्थळावर पैशांची उलाढाल होते त्याने ती घ्यावी. मंडळाच्या बैठकीत मी तो आकडा वाचलासुद्धा नाही.

सध्याची मांडणी अशी आहे. केबलवाल्याची कायम पत्त्याची जोडणी मुख्य, आणि मोठ्या कंपनीची सर्वांत स्वस्त ३० एमबीपीएसची जोडणी राखीव. राखीव जोडणीवरून टनेल सतत उघडा असतो. मुख्य जोडणी पडली की एक छोटी स्क्रिप्ट ध्वनीच्या उपपत्त्याची डीएनएस नोंद (नावाला आयपी पत्ता जोडणारी) बदलून व्हीपीएसकडे वळवते. त्या नोंदीची मुदत ६० सेकंद ठेवली असल्यामुळे बहुतेक पाहुणे दोन-तीन मिनिटांत नव्या वाटेने येऊ लागतात. दुकानात मिळणारे दोन जोडण्यांचे राउटर घरातल्या माणसांचे इंटरनेट आपोआप वळवतात, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना ते वळवू शकत नाहीत; हा फरक मला राउटर विकत घेतल्यावर कळला. आणखी एक गोष्ट: अपलोड पूर्ण भरले की घरातले डाउनलोडही अडखळते, कारण प्रत्येक डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच वाटेने जायच्या असतात. चतुर्थीच्या सकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल अडकल्यावर मी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवून अपलोडला ९० एमबीपीएसची वेसण घातली. दहा एमबीपीएस सोडून दिल्यावर सगळ्यांचेच सुरळीत चालू लागले.

नवी जोडणी तपासताना कंपनीच्या स्पीड टेस्टवर भिस्त ठेवू नये. तो सर्व्हर बहुधा कंपनीच्याच जाळ्यात असतो. दुसऱ्या जाळ्यातल्या एखाद्या व्हीपीएसवर आयपर्फ हे वेग मोजणारे साधन चालवून सकाळी, रात्री दहाला आणि रविवारी असा किमान आठवडाभर अपलोड मोजावा. मुंबईचा एक फायदा येथे मिळतो: देशातील जाळ्यांची अदलाबदल करणारी मोठी केंद्रे याच शहरात आहेत आणि समुद्राखालच्या केबलही येथेच किनाऱ्याला लागतात, त्यामुळे चांगल्या जोडणीवरून शहरातल्या दुसऱ्या जाळ्यापर्यंत काही मिलिसेकंदांतच पोहोचता येते. परळहून अंधेरीला जाणारे डेटाचे पाकीट चेन्नईला वळसा घालून जात असेल, तर ती कंपनी वरची वाहतूक कुठून घेते, हे विचारण्याची वेळ आली असे समजावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या श्रोत्यांसाठी जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आरती ऐकण्यासाठी ते पुरेसे आहे.

दोन्ही जोडण्या, कायमचा पत्ता आणि लहान व्हीपीएस मिळून मंडळाला महिन्याला दीड हजार रुपयांच्या आत खर्च येतो. यंदा नूतनीकरणाच्या वेळी केबलवाल्याने वेग वाढवून घ्या म्हणून आग्रह केला. मी वेग तोच ठेवला आणि त्याऐवजी साठ मीटर नव्या तंतूचे पैसे दिले. आता तार मागच्या इमारतीवरून, पावसाच्या पाण्याच्या पाइपाला बांधून येते आणि मूर्ती ज्या रस्त्याने येते तो रस्ता ओलांडत नाही.